सड्यावरची झुडपं काढली तर गवत किती वाढतं, हे मोजायचं कसं?

राजापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "आमच्या गावच्या सड्यावर पूर्वी नुसतं गवत असायचं, असं आजी सांगते. आता करवंदं, घाणेरी, रानमोडी आणि आकेशिया यांनी बराच सडा भरलाय. एमएस्सीच्या प्रबंधासाठी काही भागातली झुडपं काढून गवत किती वाढतं ते मोजायचं आहे. किती तुकडे घ्यावेत, काय काय मोजावं, आणि एका वर्षात निष्कर्ष निघेल का?"

ताई, मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर, वीसेक वर्षं गवत मोजतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर बारा तुकडे घ्या, आणि एका वर्षात अर्धाच निष्कर्ष निघेल. पण ते बारा तुकडे कुठे आखायचे हे चुकलं तर बाराचे चोवीस करूनही काही हाती लागणार नाही. झुडूप काढलं की त्या जागी एकट्या झुडपाचं नसणं येत नाही. सोबत ऊन बदलतं, माती उकरली जाते, गुरांची वाट बदलते, आणि त्या वर्षीचा पाऊसही आपल्या मर्जीने पडतो. गवतात दिसलेला फरक यातल्या नेमक्या कशामुळे पडला, हे वेगळं काढणं हेच तुमचं काम आहे.

आधी सड्याबद्दल थोडं, कारण बाहेरच्या पुस्तकांतली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कातळ तापत राहतो. कुठे उघडा जांभा, कुठे बोटभर माती, कुठे पावसात तळं होणारा खळगा, आणि कडेला गडग्याच्या (दगडी बांधाच्या) बाजूला गुडघाभर खोल माती. हे सगळं पन्नास पावलांत सापडतं. गवत बोटभर मातीतही उगवतं. करवंद, भोमा, कुडा अशा झुडपांना मात्र मुळं घालायला भेग नाहीतर खोल माती लागते. म्हणजे झुडूप जिथे उभं आहे तिथली जमीन शेजारच्या उघड्या जागेपेक्षा मुळातच वेगळी असते.

नव्या विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते. झुडपाखालचं गवत आणि उघड्यावरचं गवत मोजायचं, फरक काढायचा आणि त्याला 'झुडपाचा परिणाम' म्हणायचं. त्यात झुडपापेक्षा मातीच्या खोलीचा परिणाम जास्त असू शकतो. मीही सुरुवातीच्या एका हंगामात हेच केलं होतं. करवंदाच्या जाळीभोवती गवत जास्त दिसलं म्हणून जाळीमुळे गवत वाढतं असं लिहून मोकळी झाले. पुढच्या वर्षी लोखंडी सळई घेऊन खोली मोजली, तर ते जास्तीचं गवत बहुतेक खोल मातीच्याच जागी होतं. तो सगळा भाग मला काढून टाकावा लागला. म्हणून एक बोटभर जाड, मीटरभर लांब सळई हे तुमचं पहिलं साधन. प्रत्येक तुकड्यात वीसेक ठिकाणी ती ठोकून कातळ किती खाली लागतो ते लिहून ठेवा. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, असलेल्या सड्यावर मात्र सळईही ठोकू नका आणि तुकडेही आखू नका. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि कित्येक चित्रं अजून माती-गवताखाली झाकलेली आहेत. जागा ठरवण्यापूर्वी गावातल्या जाणत्यांना विचारून घ्या.

आता तुकडे. एकमेकांच्या जवळ असलेले, सारख्या खोलीचे आणि सारखीच झुडपं असलेले दोन तुकडे मिळून एक जोडी. अशा सहा जोड्या सड्याच्या वेगवेगळ्या भागांत घ्या. 20 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद, म्हणजे 400 चौरस मीटर, साधारण चार गुंठे, हा एका तुकड्याचा आकार ठीक होतो. जोडीतल्या कुठल्या तुकड्यातली झुडपं काढायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. "हा तुकडा साफ करायला सोपा आहे" असं म्हणून निवडलात तर सोपे तुकडे म्हणजे विरळ झुडपांचे तुकडे, आणि तिथे गवत आधीपासूनच जास्त. प्रत्येक तुकड्यात एक मीटर बाजूचे आठ-दहा चौकोन मोजा, पण हे लक्षात ठेवा की एका तुकड्यातले दहा चौकोन म्हणजे दहा प्रयोग नव्हेत. तो एकाच प्रयोगाचा अधिक चांगला अंदाज आहे. तुमची संख्या सहा आहे, साठ नाही. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात आणि त्यांनी तो विचारायलाच हवा.

काढण्याच्या आधीचा एक हंगाम मोजल्याशिवाय कोयतीला हात लावू नका. समजा, काढायच्या तुकड्यात आधी दर चौरस मीटरला 100 ग्रॅम सुकं गवत होतं आणि काढल्यावर 160 झालं. न काढलेल्या तुकड्यात त्याच काळात 110 चं 140 झालं. तर झुडपं काढल्याचा हिशोब 60 ग्रॅमचा नाही, 30 ग्रॅमचा आहे. उरलेले 30 चांगल्या पावसाचे. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. आधीचा हंगाम नसता तर तुम्ही 160 मधून 140 वजा करून 20 लिहिले असते, आणि न काढलेला तुकडा नसता तर 60. एकाच सड्यावर तीन वेगळी उत्तरं.

मोजणी दरवर्षी एकाच अवस्थेत झाली पाहिजे. मी तारीख धरत नाही, गवताची अवस्था धरते: बहुतेक गवत फुलोऱ्यात आलेलं, पण अजून बी सांडलेलं नाही. आपल्याकडे हे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यात येतं. चौकोनातलं गवत जमिनीलगत कापायचं, जातवार वेगळं करायचं, सुकवायचं आणि वजन दोन दिवस सारखं आलं की लिहायचं. एक हिशोब पाठ करून ठेवा: दर चौरस मीटरला 250 ग्रॅम म्हणजे हेक्टरी अडीच टन, आणि गुंठ्याला साधारण 25 किलो. गावात बोलताना गुंठ्याचा आकडा सांगा. त्यावर लोक लगेच "आमच्याकडे एवढं निघत नाही" किंवा "याहून जास्त निघतं" असं सांगतात, आणि त्यांचं म्हणणं बऱ्याचदा बरोबर निघतं.

आता गुरांबद्दल. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा खरा जीव इथे आहे, म्हणून यावर थोडी रेंगाळते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सड्यावर घाणेरी आणि रानमोडी काढली. पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरमध्ये मोजलं तर साफ केलेल्या तुकड्यांत गवत न काढलेल्या तुकड्यांपेक्षा कमी! सोबतच्या मुलांचे चेहरे उतरले. वजनं चुकली असतील म्हणून पुन्हा केली, तरी तेच. मग वाडीतल्या एका गुराखी काकांनी सांगितलं, "तुम्ही वाट मोकळी केलीत, मग गुरं तिथेच बसणार ना." जाळीत शिरायला गुरं कंटाळतात. मोकळी जागा झाली की अख्ख्या वाडीची गुरं तिथेच चरतात. गवत वाढलं होतं, पण ते गुरांच्या पोटात गेलं होतं आणि आम्ही उरलेलं मोजत होतो.

तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्यात दोन-तीन पिंजरे ठेवते. लोखंडी सळ्या आणि जाळीचा, दीड मीटर बाजूचा, जमिनीत घट्ट रोवलेला पिंजरा. जून महिन्यात ठेवायचा, ऑक्टोबरमध्ये आतलं आणि बाहेरचं गवत कापायचं. आतलं वजन म्हणजे किती उगवलं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे साधारण किती खाल्लं गेलं. पुढच्या वर्षी पिंजऱ्याची जागा बदला, नाहीतर वर्षभर न चरलेली जागाच तुम्ही परत मोजाल. पिंजऱ्याला पैसे नसतील तर करवंदाच्या काट्यांची वई (कुंपण) घाला, मात्र तिची सावली आत पडू देऊ नका. असं केलंत तर बारा तुकड्यांतच तुम्हाला चार परिस्थिती मिळतात: झुडूप आणि चराई, झुडूप पण चराई नाही, झुडूप नाही आणि चराई, दोन्ही नाही. एका प्रबंधाला एवढं भरपूर आहे.

यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती गावाला सांगायला मला अवघड जाते. आज बऱ्याच सड्यांवर झुडपं वाढली ती गुरं जास्त झाली म्हणून नाही. गुरं कमी झाली, गवत कापणारे हात मुंबईला गेले, राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, टाळ (पाल्याच्या फांद्या) तोडणं कमी झालं, म्हणून वाढली. या भाजावळीसाठी दरवर्षी झुडपांच्या फांद्या उतरत होत्या, दसरा-दिवाळीनंतर गवत कापलं जात होतं, आणि रोपं जागच्या जागी खुडली जात होती. ते सगळं थांबल्यावर तुम्ही एकदा झुडपं काढलीत, तर ती परत येतील. तेव्हा प्रबंधात 'काढणं' ही एका दिवसाची घटना म्हणून लिहू नका. काढल्यानंतर त्या जमिनीवर कोण काय करत होतं, किती गुरं, किती दिवस, गवत कापलं की नाही, वणवा लागला की नाही, हे वहीत रोजच्या रोज लिहा. शिमग्याच्या आसपास वणवा लागून निम्मे तुकडे जळाले तर तो अपघातही नोंद म्हणून ठेवा. तो लपवलात तर पुढच्या पावसातला फरक तुम्हाला कधीच कळणार नाही.

झुडूप म्हणजे एकच प्रकार नव्हे, हेही ध्यानात घ्या. तुमच्या यादीतल्या चारांचं काम चार तऱ्हेचं आहे.

रानमोडी आणि घाणेरी बाहेरून आलेल्या. रानमोडीचं हलकं बी वाऱ्यावर जातं, म्हणून ती फुलण्याआधी, पावसात माती मऊ असताना मुळासकट उपटायची. नुसती कापली की बुडातून पुन्हा फुटते, आणि उन्हाळ्यात तिच्या सुक्या काड्या वणव्याला सरपण होतात. घाणेरी जमिनीच्या वर तोडून उपयोग नाही. खोड आणि मूळ जुळतं त्याच्या थोडं खाली घाव घालून बुंधा उलटा टाकायचा. या दोघींच्या बाबतीत मला स्वतःला काढण्याबद्दल शंका नाही.

आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, वेगळी. सामाजिक वनीकरणाच्या काळात ती 'पडीक' सड्यांवर लावली गेली. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य) लिहिलेली जमीन म्हणजे ओसाड, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. हिची पानांसारखी दिसणारी जाड पाती सावकाश कुजतात, आणि खाली जो थर साचतो त्यातून बारीक गवत वर येऊ शकत नाही. शिवाय ही शेंगावर्गातली, मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्र वाढवते. शेतकऱ्याला हे चांगलं वाटेल. पण सड्यावरची खास वनस्पती कमी नत्राच्या जमिनीतच टिकते: सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर कीटक पकडून आपली नत्राची गरज भागवतात. नत्र वाढलं की जोमाने वाढणाऱ्या जाती येतात आणि या मागे पडतात. झाड तोडल्यावर ते नत्र लगेच जात नाही, आणि जमिनीत पडलेलं बी पुढच्या पावसात दाट उगवतं. आकेशिया असलेल्या तुकड्यात पाती गोळा करून बाहेर नेणं आणि रोपं दोन-तीन पावसाळे उपटत राहणं हा 'काढण्या'चाच भाग धरा. काढलेला पालापाचोळा तुकड्यात जाळू नका, राखेच्या जागी पुढची काही वर्षं निराळंच उगवतं.

करवंदाला मी हात लावताना फार विचार करते. करवंद आपलं आहे. एप्रिल-मेमध्ये कितीतरी बायका करवंदं विकून चार पैसे मिळवतात. शिवाय चराई जास्त असलेल्या सड्यावर गुरांना आवडणाऱ्या गवतांचं बी पिकायला काट्यांच्या आत जागा मिळते. जाळी सगळी उपटलीत तर तो बियाण्याचा साठाही जातो. शक्य असेल तर तुमच्या अभ्यासात करवंद जसंच्या तसं ठेवा आणि बाकीची तीन काढा. सगळं काढून पाहण्याचा मोह होईल, पण तो निष्कर्ष कोणाच्या उपयोगाचा नाही, कारण गावात कोणी सगळी करवंदं काढणार नाही.

जगभरातला अनुभवही सरसकट एका बाजूचा नाही. 2011 मध्ये 244 अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तीत झुडपं वाढल्याने जमीन बिघडतेच असं दिसलं नाही. परिणाम जातीवर, मातीवर आणि काय मोजलं यावर अवलंबून होते. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात 1960 च्या दशकात लावलेला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, आज चराईच्या मुळावर आलाय. तिथला धडा सड्याला लागू करताना मात्र जपून, कारण तिथे पाऊस अगदी थोडा आणि जमीन खारी. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सांता रिटा नावाचं चराईच्या संशोधनाचं क्षेत्र 1903 पासून आहे. तिथे ठरलेल्या जागांवरून पुन्हा पुन्हा काढलेल्या फोटोंत मेस्कीटची (वेडी बाभळीच्या जातकुळीतली) झाडं गवताळ जमिनीवर कशी पसरत गेली ते दिसतं. ही युक्ती फुकट आहे, ती जरूर उचला. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात चिऱ्याला रंगाचा ठिपका द्या आणि दर महिन्याला त्याच ठिपक्यावरून, त्याच दिशेला फोटो काढा. आजीच्या आठवणीतला सडा तपासायला जुने लग्नाचे, पालखीचे, क्रिकेटच्या सामन्यांचे फोटो मागा. मागे सडा दिसतोच. उपग्रहाच्या जुन्या प्रतिमाही पाहा, पण उन्हाळ्यातल्या पाहा. पावसात गवत आणि झुडूप दोन्ही हिरवं असतं.

गवताच्या वजनाशिवाय आणखी काय मोजावं? प्रत्येक चौकोनातल्या जातींची यादी, आणि तीही दोनदा: एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, एकदा सप्टेंबरअखेर. एकदाच गेलात तर अर्धी फुलं तुम्हाला दिसणारच नाहीत. गवताचं वजन वाढलं आणि सड्याची खास फुलं कमी झाली असंही होऊ शकतं, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. पहिल्या पावसात मोकळ्या जागी टाकळा, तेरडा, रानतुळस उसळून येतात. नुसतं एकूण वजन केलंत तर तुम्ही 'उत्पादन वाढलं' असं लिहाल, पण टाकळा गुरं खात नाहीत. म्हणून जातवार वजन, आणि म्हणूनच एका वर्षाचा निष्कर्ष अर्धा. ही गर्दी दुसऱ्या-तिसऱ्या पावसात ओसरली की मगच बारमाही गवतं खरंच परत आली का ते कळतं. तुमच्याकडे वर्षच असेल तर प्रबंधाचं नाव 'पहिल्या पावसातला प्रतिसाद' असं ठेवा, आणि तुकड्यांच्या खुणा पुढच्या विद्यार्थ्यासाठी पक्क्या करून ठेवा.

पक्षी आणि विहिरी यांच्यावर मात्र या तुकड्यांतून काही म्हणू नका. टिटवी आणि चंडोल मोकळ्या जमिनीवर घरटं करतात, बुलबुलाला जाळी लागते, हे खरं. पण चार गुंठ्यांच्या तुकड्यात पक्ष्यांचा हिशोब लागत नाही. तसंच 'आकेशियाने विहीर आटवली' हे गावात ऐकायला येईल. ते खरं असेलही, पण ते तपासायला पूर्ण ओढ्याचं पाणलोट हवं. कोणी विचारेल की झाडं तोडून कार्बन हवेत सोडताय का. प्रश्न रास्त आहे. तोडलेल्या लाकडाचं वजन करून ठेवा आणि ते प्रबंधात लिहा.

परवानगीचं थोडक्यात. सडा बहुतेक ठिकाणी सामायिक सातबाऱ्याचा असतो, तेव्हा सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. एक हिस्सेदार मुंबईत असतो, त्याला आधी फोन करा. 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचित जाती, म्हणजे ऐन, किंजळ, खैर, जांभूळ वगैरे, यांना हात लावू नका, आणि जमिनीवर खासगी वनाची नोंद आहे का ते तलाठ्याकडे पाहून घ्या. आकेशिया तोडण्यापूर्वीही वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारा.

तुमच्यापुढचा क्रम मला असा दिसतो. यंदा मे महिन्यात सळईने खोली मोजून सहा जोड्या ठरवा, जूनच्या पहिल्या पावसाआधी पिंजरे रोवा, यंदाचा पूर्ण हंगाम काहीही न काढता मोजा. रानमोडी आणि घाणेरी पुढच्या पावसाच्या सुरुवातीला काढा, आकेशिया त्याआधीच्या हिवाळ्यात. विद्यापीठाची मुदत यात बसत नसेल तर मार्गदर्शकांशी आत्ताच बोला. आधीचा हंगाम गाळण्यापेक्षा तुकडे सहाऐवजी पाच जोड्यांचे करा.

खोली मोजून झाली की सहाही जोड्यांचे आकडे इथेच टाका. जोडीतल्या दोन तुकड्यांच्या सरासरी खोलीत चार बोटांहून जास्त फरक निघाला तर ती जोडी बदलावी लागेल, आणि ते पाऊस पडण्याआधी कळलेलं बरं.